आत्याची गाडी सकाळी उठत नव्हती

माझ्या दुकानात बॅटरी विकायला नसते. लोकांना ते विचित्र वाटतं, पण ते मी ठरवून केलंय. बॅटरी फळीवर असली की हात आपोआप तिच्याकडे जातो. गाडी सुरू होत नाही? बदला बॅटरी. दिवे मिणमिणतात? बदला बॅटरी. ताप आला म्हणून माणूसच बदलण्यातला हा प्रकार. मी आधी विचारते, मग मोजते, मग बोलते. बॅटरी खरंच गेली असेल तर तसं सांगून पलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवते.

मी गाड्यांची इलेक्ट्रिशियन. घरात मला ठिणगी म्हणतात. ते नाव धंद्यामुळे पडलेलं नाही. लहानपणी मी भिंतीतल्या प्लगच्या भोकात केसांची पिन खुपसली होती, तेव्हापासूनचं ते आहे, आणि ठेवलंय माझ्या आत्याने. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने आयुष्यभर बालवाडीची व्हॅन चालवली. पुढे काच, मागे रडणारी, ओकणारी, एकमेकांना चावणारी पोरं, आणि मधे आत्या, सरळ पाठीने बसलेली. माझ्या आठवणीत तिने कधी कुणाला घासलं नाही की कचकन ब्रेक मारला नाही. निवृत्त झाल्यावर तिने एक छोटी जुनी गाडी घेतली आणि तिच्यात एकटीच बसून हिंडायला लागली. म्हणायची, "इतकी वर्षं मागून आवाज यायचा. आता शांतता ऐकते."

तर एका सकाळी तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, ती गाडी आपल्या टेम्पोला दोर बांधून ओढत माझ्या दारात घेऊन आला. मी त्याला दादा म्हणते. दादाचं फरशांचं दुकान आहे, टेम्पो त्याचाच. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग सांभाळायला मात्र आत्याच बसली होती. म्हणजे चालवायला ती नको, पण ओढताना तीच हवी.

"ठिणगे, हिला जरा सांग," दादा टेम्पोतून उतरता उतरताच म्हणाला. "दिवे बंद करत जा म्हणावं."

"कुणाला, गाडीला?"

"आईला. पुन्हा बॅटरी बसली. ही नवी बॅटरी आहे. हिच्या आधीची पण नवीच होती. बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी चांगली आहे, काकू दिवे चालू ठेवून जात असतील."

आत्या गाडीतून उतरली, दार हलकेच लावलं आणि काही बोलली नाही. मला तिथेच काहीतरी खटकलं. आत्यावर कुणी असा आळ घेतला तर ती ऐकून घेणाऱ्यांतली नाही. एकदा एका पालकाने व्हॅन उशिरा आली म्हटलं, तर तिने त्या माणसाला त्याच्याच घरातलं घड्याळ भिंतीवरून उतरवून आणायला लावलं होतं. ती बाई आज ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"मी तिच्या वाईटावर नाहीये," दादाने मला बाजूला घेऊन सांगितलं. "कुठेतरी आडरस्त्याला अडकली आणि फोन लागला नाही तर? मागच्या वेळी शेजाऱ्याने केबल लावून गाडी सुरू करून दिली. त्याच्या आधी दूधवाल्याने. आज मी होतो. उद्या कोण असेल? एक गिऱ्हाईक बघून ठेवलंय. रविवारी गाडी बघायला येतोय."

"आत्या हो म्हणाली?"

"नाही म्हणाली नाही."

मला हे दुसऱ्यांदा खटकलं.

मी गाडी आत घेतली. आधी डोळ्यांनी बघायचं असतं. टर्मिनल घट्ट होती, पांढरी बुरशी नव्हती, वायरी कुरतडलेल्या नव्हत्या, पट्टा ताणलेला होता. बॅटरी चार्जरवर लावली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर लोड टाकून बघितला. बॅटरी ठणठणीत. मग इंजिन सुरू केलं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरीला परत भरत असतो, म्हणजे मिळवता गडी तो आणि साठवणारी ती. मीटरवर चौदा व्होल्टच्या थोडं वर, हवं तितकंच. हेडलाइट लावले, मागच्या काचेचा हीटर लावला, पंखा लावला, एसीही लावून बघितला. अल्टरनेटरने हूं की चूं केलं नाही.

म्हणजे मिळकत ठीक, साठवण ठीक. मग पैसा जातो कुठे? तो जातो गाडी उभी असताना. किल्ली काढून घरी गेलात तरी गाडीत थोडं काही जागं राहतं, घड्याळ असतं, कुलपाचा कॉम्प्युटर असतो. तेवढं चालतं. पण त्याहून जास्त काही जागं राहिलं तर सकाळी गाडी उठत नाही. आम्ही म्हणतो, गाडी उभ्या उभ्या करंट खाते.

तर मी बॅटरीच्या वायरीत मीटर अडकवला, दारं बंद, किल्ली लांब खिळ्याला, आणि स्वस्थ बसले. गाडीला झोप लागायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. डिकीतला दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे बाहेरून कळत नाही, म्हणून फोनवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत कोंडला. दिवा गुणी मुलासारखा विझत होता. समोरच्या खणातलाही विझत होता. मीटरचा आकडा उतरत उतरत जिथे यायला हवा तिथे आला आणि तिथेच राहिला. मी वायरी हलवल्या, फ्यूज बॉक्सवर टिचक्या मारल्या, दारं उघडझाप केली. आकडा ढिम्म.

संध्याकाळी दादा आला. "सापडलं?"

"नाही."

"म्हणजे गाडीत काही नाही."

"सापडलं नाही म्हणाले मी. नाही असं नाही म्हणाले."

तो हसला, पण थकलेलं हसला. "ठिणगे, तुला वाईट वाटतंय ते कळतं मला. मलाही वाटतं. पण वय होतंय तिचं. विसरतात माणसं."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घालायला हातात काहीतरी लागतं. पण माझा माझ्या मीटरवर जितका विश्वास आहे तितकाच आत्याच्या डोक्यावर आहे. दोन्ही बरोबर असतील तर चूक माझ्या प्रश्नात होती. गाडी माझ्या दुकानात शहाणी आणि आत्याच्या दारात वेडी, म्हणजे आत्या गाडीबरोबर असं काहीतरी करत होती जे मी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन आत्याकडे गेले. दादाने किल्ली देताना बजावलं होतं, "तिच्या हातात द्यायची नाही." मी हो म्हणाले नाही, मान हलवली. मान कशीही हलवता येते.

आत्या ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. मी स्टूल ओढून बसले.

"आत्या, बॅटरी बसली ते वार कुठले कुठले होते?"

"आठवत नाही गं."

"आदल्या दिवशी कुठे गेली होतीस?"

"असंच. इकडे तिकडे. आठवत नाही."

मी कप खाली ठेवला. माझा पहिला दात कुठल्या पायरीवर पडला हे या बाईला आठवतं. व्हॅनमधल्या पोरांपैकी कोण कुणाला कुठे चावलं होतं हे ती त्यांच्या लग्नात जाऊन सांगते. तिला परवाचं आठवत नाही?

"आत्या," मी म्हणाले, "तू खोटं बोलतेस."

तिने गाळणं नळाखाली धरलं. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

"रविवारी गाडी जाईल," मी म्हणाले. "आणि गाडीबरोबर तुझं नावही जाईल. जन्मभर सगळे म्हणतील, म्हातारी दिवे विसरायची. चालेल तुला?"

"चालवून घेईन," ती म्हणाली.

"कशापायी?"

तिने घड्याळाकडे बघितलं. मी किल्ली तिच्यापुढे धरली. "चल. तू नेहमी जशी नेतेस तशी गाडी ने. मी शेजारी बसते, तोंड बंद ठेवते."

"तोंड बंद? तू?"

"प्रयत्न करते."

तिने हात पुसले, किल्ली घेतली, आणि ओढणी खांद्यावर टाकून अशी निघाली की मलाच तिच्यामागे धावावं लागलं.

आत्या अजूनही पहिल्यासारखीच चालवत होती. गल्लीच्या तोंडाशी थांबून दोन्हीकडे बघणं, वळणाच्या आधीच गिअर उतरवणं, भाजीच्या गाडीवाल्याला हाताने "जा बाबा" करणं. खिडक्या सताड उघड्या. मी एसीकडे बोट दाखवलं.

"हा लावतेस का?"

"छे. मला तो गार झोत सोसत नाही. डोकं धरतं."

बाजार संपला, बंद गोदामांची रांग संपली, आणि एका शांत वस्तीत तिने पिवळ्या फाटकासमोर गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून म्हणाली, "दादाला सांगशील?"

"आधी मला तर कळू दे."

"इथे विहीणबाई राहतात."

मला क्षणभर कळेचना कोण विहीणबाई. मग कळलं आणि मी आपोआप आवाज खाली आणला. दादाचं लग्न मोडून आता बरीच वर्षं झाली. का मोडलं ते दोघांनाच ठाऊक. ती परदेशी गेली, दादाने फरशांत डोकं घातलं, आणि आमच्या घरात त्या घराचं नाव निघणं बंद झालं. तिची आई इथेच राहिली होती. एकटी.

"दोघींचं पटायचं आमचं," आत्या म्हणाली. "विहिणी-विहिणींचं पटतं असं ऐकलंयस कुठे? आमचं पटायचं. पोरांनी घर मोडलं, त्यात आमची मैत्री का मोडायची? पण दादाला ते कसं सांगणार? मग बोलणं थांबलं. या उन्हाळ्यात त्या बाजारात भेटल्या. नुसत्या हाडांचा सापळा. मूत्रपिंडं गेलीत. ठरलेल्या वारी दवाखान्यात जाऊन रक्त धुवून घ्यावं लागतं. जाताना कशीबशी रिक्षा करतात, येताना अंगात त्राण नसतं. मी म्हटलं, मी नेते."

"आणि आज वार आहे."

"आज वार आहे. मी सकाळपासून विचार करत होते, किल्ली नाही तर काय करू."

मला एकदम हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं, दोन्ही एकाच वेळी, म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. दिवे विसरणारी म्हातारी व्हायला ती तयार झाली होती ती यासाठी. विसरभोळी ठरलं तर कुणी पुढचं विचारत नाही.

पिवळं फाटक उघडलं. उंच, वाळलेली, हातात कापडी पिशवी, आणि आवाज मात्र खणखणीत. विहीणबाई पूर्वी शिवणाचे क्लास घ्यायच्या, चाळीस बायकांच्या गलक्यावर मात करायची सवय होती.

"उशीर केलात विहीणबाई! आणि ही कोण? ठिणगी ना? केवढी झालीस! मागे बसते का मी? नको, पुढेच बसते, मागे मळमळतं. आज धुणं आहे माझं," त्या दवाखान्याला धुणं म्हणत. "बसा, चला, ते धोबी वाट बघतायत."

मी मागच्या सीटवर सरकले. विहीणबाई पुढे बसल्या, पट्टा लावला, आणि आत्याने काही न विचारता चारही काचा वर घेतल्या आणि एसी पूर्ण सोडला.

मी मागून दोन्ही सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. "आत्या! तुला झोत सोसत नाही ना?"

"मला नाही सोसत. त्यांना लागतो. नाहीतर त्यांच्या अंगाची लाही होते."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस, मी लावते का. मी माझ्यासाठी नाहीच लावत."

माझ्या डोक्यात दिवा लागला म्हणायला हरकत नाही. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. रस्ताभर एसी, जाताना आणि येताना. आणि इतर दिवशी अजिबात नाही. मी दुकानात एसी लावला होता तो हातपाय धुवायला लागतो तेवढा वेळ, तेसुद्धा थंड गाडीत.

विहीणबाई आत गेल्या तशी मी दवाखान्याच्या आवारात बॉनेट उघडलं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. त्याच्या तोंडाशी एक लोखंडी ताटली असते. एसी लावला की विजेच्या चुंबकाने ती ताटली पट्ट्याने फिरणाऱ्या पुलीला घट्ट चिकटते, बंद केला की सुटते. गाडी बंद असताना ती बोटाने सहज फिरली पाहिजे. मी बोट लावलं. ताटली गरगर फिरली.

आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "काय?"

"काही नाही," मी म्हणाले. मनातून जरा खट्टू झाले आणि बॉनेट लावलं. परतीचा प्रवास भर उन्हाचा होता. अजून अर्धा रस्ता बाकी होता.

विहीणबाई बाहेर आल्या त्या वेगळ्याच. सकाळचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. आत्याने त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना सीटवर बसवलं, पट्टा स्वतः लावला, झोत त्यांच्या तोंडावर वळवला, आणि अशी गाडी चालवली की खड्ड्यांनाही आपण खड्डे आहोत हे कळलं नसेल. अर्ध्या रस्त्यात विहीणबाईंनी डोळे मिटले. आत्याने एक हात सोडून त्यांच्या मांडीवरची पिशवी घसरू नये म्हणून सरळ केली आणि पुन्हा समोर बघितलं.

त्यांना घरात निजवून आत्या बाहेर आली तेव्हा मी गाडीपाशीच होते. इंजिन बंद. किल्ली माझ्या हातात. मी ताटलीला बोट लावलं.

ती हलली नाही. अंगठ्याने जोर केला. तरीही नाही. गाडी बंद, एसी बंद, आणि ताटली पुलीला अशी चिकटलेली की जणू कुणी डिंकाने लावली.

मी पिशवीतून चिमट्यासारखा मीटर काढला. तो नुसता वायरीभोवती धरला की आतून किती करंट जातोय ते कळतं. तीन अँपिअरच्या वर. चोर रंगेहाथ सापडला होता.

"आत्या," मी म्हणाले, "तू दिवे विसरत नाहीस."

"ते मला माहीतच होतं," ती म्हणाली. पण म्हणताना तिने बॉनेटचा आधार घेतला आणि एक लांब श्वास सोडला.

मला ते तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं असतं. पण केलं नाही. एसी चालू ठेवूनच गाडी तिच्या घरी आणली, दारात लावली आणि दादाला फोन केला. "ये. दुकान सोडून ये."

तो आला, शर्टावर फरशीची पांढरी धूळ घेऊन. मी किल्ली त्याच्या हातात दिली. "ठेव खिशात. आता गाडीभोवती फिर. दिवे बघ. पुढचे, मागचे, आतले, डिकीतला."

त्याने इमानदारीत सगळं बघितलं. सगळे बंद.

"आता हे बघ." मी मीटर वायरीभोवती धरला. आकडा बघून त्याच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे काहीतरी चालू आहे?"

"काहीतरी चालू आहे आणि किल्ली तुझ्या खिशात आहे. ही गाडी अशीच उभी राहिली तर सकाळी सेल्फ लागणार नाही." मग मी त्याला फ्यूज बॉक्समधली काडेपेटीहून लहान काळी डबी दाखवली, रिले म्हणतात तिला. "हात लाव."

"गरम आहे."

"एसीचा रिले. आत दोन पॉइंट असतात. एसी लावला की जुळतात, बंद केला की सुटायला हवेत. हे झिजलेत. एसी खूप वेळ चालला, तापले, की एकमेकांना चिकटून बसतात. गाडी बंद केली तरी यांची मिठी सुटत नाही. सकाळी बॅटरी मेलेली. मग कुणीतरी केबल लावतं, इंजिन धडधडतं, त्या धडधडीत पॉइंट सुटतात. या वेळी दोराने ओढताना बसलेल्या हादऱ्यांनी सुटले, आणि माझ्याकडे येईपर्यंत गाडी साळसूद." मी पेचकस उलटा धरून मुठीने रिलेवर टक्‌ केलं. बॉनेटखाली कट्‌ असा बारीक आवाज झाला. मीटरवरचा आकडा खाली कोसळला. मी ताटलीला बोट लावलं. गरगर फिरली.

दादाने वाकून ती ताटली स्वतः बोटाने फिरवून बघितली. तो मूर्ख नाही. दुकान चालवतो, हिशेब बसला नाही तर त्याला झोप लागत नाही. आणि इथेही त्याला एक गोष्ट बसेना.

"पण आई एसी लावतच नाही," तो म्हणाला.

मी पेचकस पुसायला लागले. हे माझं काम नव्हतं. आत्या पायरीवर उभी होती. मी मनात म्हटलं, आता ती म्हणेल की लावते हल्ली, उकडतं. तेवढ्याने भागलं असतं. दादाने ते मानलंही असतं.

आत्या पायऱ्या उतरून खाली आली.

"विहीणबाईंसाठी लावते," ती म्हणाली. "त्यांची मूत्रपिंडं गेलीत. दवाखान्यात मी नेते-आणते त्यांना. उन्हाळ्यापासून."

 दादाने खिशातली किल्ली बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली.

"आणि मला म्हणालीस, आठवत नाही," तो म्हणाला. "मी तुला डॉक्टरकडे न्यायचं ठरवत होतो. डोकं तपासायला. तू विसरभोळी ठरलीस तरी चाललं तुला, पण मला सांगवलं नाही?"

"तुला लागलं असतं."

"मग आता काय वाटतंय, फुलं पडतायत अंगावर?"

"ओरड," आत्या म्हणाली. "पण ऐकून ओरड. तुमचं तुमचं जे झालं ते झालं. मी त्यात कधी पडले नाही. पण त्या बाईने तुझ्या तापात रात्र रात्र पट्ट्या बदलल्यात, तुझी बायको बाहेरगावी होती आणि मी व्हॅनवर होते तेव्हा. मी नाही विसरत, दादा. मी काहीच विसरत नाही."

तो ओरडला नाही. गाडीचं दार उघडून चालकाच्या सीटवर बसला, पाय बाहेर, कोपरं गुडघ्यांवर. मी जुना रिले उपसून माझ्या पिशवीतला नवा बसवत होते. इतकं सोपं काम मी त्या दिवशी इतकं सावकाश केलं, कारण मला दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं.

"खूप वाळल्यात?" त्याने विचारलं. कुणालाच उद्देशून नाही.

"अर्ध्या झाल्यात," आत्या म्हणाली.

तो उठला. किल्ली बॉनेटवर ठेवली, आईच्या बाजूला. मला म्हणाला, "रविवारच्या गिऱ्हाइकाला मी फोन करतो, येऊ नको म्हणून." आणि टेम्पोत बसून निघून गेला.

आत्या त्या दिवशी जेवली नाही, एवढं मला नंतर कळलं. दादा तिच्याशी काही दिवस कामापुरतंच बोलला. मी मधे पडले नाही. करंट चुकीच्या वाटेने जात असेल तर मी वाट बदलून देते, माणसांच्या वायरिंगला मी हात लावत नाही.

मग एका दुपारी तो माझ्या दुकानात आला. मला वाटलं टेम्पोचं काहीतरी. तर तो उभ्या उभ्या म्हणाला, "केबल लावून गाडी कशी सुरू करतात ते शिकव मला."

"कुणाची गाडी?"

"कुणाचीही. आई कुठे अडकली तर मला यायला नको का? का दूधवालाच येणार जन्मभर?"

मी त्याला शिकवलं. आधी लाल, मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. मग काळी, चांगलीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, लांब इंजिनच्या लोखंडाला, म्हणजे ठिणगी उडाली तर बॅटरीपाशी उडत नाही. त्याने ते माझ्यासमोर परत परत करून बघितलं, हात पुसत, ओठ मुडपून. जाताना जाड तांब्याची चांगली केबल निवडली आणि आत्याच्या डिकीत स्वतः नेऊन ठेवली. 

पुढे आत्याच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी काही दिवस गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. डोळ्यावर पट्टी घेऊन तिने मला फोन केला. आवाज चिंतेचा. "उद्या त्यांचा वार आहे. तू जाशील का?"

मी जाणारच होते. सकाळी तिच्या दारात पोचले तर गाडी जागेवर नव्हती. आत्या ओसरीवर बसून एका डोळ्याने रस्ता बघत होती.

"घेऊन गेला," ती म्हणाली. "मला विचारलंसुद्धा नाही. फाटक अजून पिवळंच आहे का, तेवढंच विचारलं."

काय झालं असेल या विचाराने आम्ही दोघींनी मिळून तीन वेळा चहा केला. शेवटी संध्याकाळी विहीणबाईंनाच स्पीकरवर फोन लावला, तर एक झोप काढून त्या पुन्हा खणखणीत. धुणं झालं होतं, घरी पोचल्या होत्या.

"काय बोलला?" आत्याने विचारलं.

"जाताना काही नाही. मी पण नाही. येताना म्हणाला, एसी वाढवू का? म्हटलं, वाढव. मग सिग्नलला माझ्या पोरीची चौकशी केली. म्हटलं, बरी आहे. म्हणाला, बरं."

"आणि?"

"आणि काय? गाडी फार हळू चालवतो हो तुमचा मुलगा. मी म्हटलं त्याला, तुझी आई याच्या निम्म्या वेळात आणते मला. तर म्हणाला, सवय होईल. परवा परत येतोय."

आत्याने फोन ठेवला आणि ओढणीने दुसरा, बिनपट्टीचा डोळा पुसला.

"हळू चालवतो म्हणे," ती म्हणाली. "शिकवलं पाहिजे त्याला."